शेजारची मुलं आणि त्यांची चुरस: गोव्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकवण्यात आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे, तरी बाजारात, बसमध्ये, देवळाच्या सभामंडपात पालक गाठतात आणि विषय बहुधा शेजारच्या मुलाचाच निघतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शेवटचा प्रश्न मात्र पालकांचा नाही.

आमचा आणि शेजारचा एकाच वर्गात आहेत. सकाळी कट्टी, संध्याकाळी गळ्यात गळे. हे असंच चालू द्यायचं का?

द्या. लहान मुलांची कट्टी दुपारच्या जेवणापलीकडे टिकली तर खूप झालं. खरी पंचाईत वेगळीच असते. तोवर दोन्ही घरच्या आयांनी एकमेकींचा फोन उचलायचं बंद केलेलं असतं, आणि मुलं चिंचेखाली बसून एकाच पिशवीतली करवंदं खात असतात.

वर्गात एवढी मुलं असताना याला शेजारच्याचंच का खुपतं?

लिओन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की माणूस स्वतःला जोखतो तो आपल्यासारख्याच माणसाशी ताडून. जो फार पुढे आहे किंवा फार मागे आहे, त्याच्याकडे बघून आपण कुठे आहोत ते कळत नाही. टीव्हीवर शतक ठोकणारा फलंदाज म्हणूनच मुलाला सलत नाही. शेजारच्याने दोन्ही हात सोडून सायकल चालवली की मात्र त्याची झोप उडते. वय तेच, रस्ता तोच, शाळेची बस तीच. मग त्याला जमतं आणि मला का नाही?

त्यात शेजाऱ्याचं काही झाकून राहत नाही. नवी सायकल पडवीतच उभी असते. ट्यूशनला कोण किती वाजता गेला ते दिसतं. प्रगतिपुस्तकाच्या दिवशी पलीकडे कोणाचा आवाज चढला तेही ऐकू येतं. वर्गातला पहिला मुलगा निदान घंटा झाल्यावर नजरेआड होतो.

खेळात शेजारचा लबाडी करतो आणि आमचा रडत घरी येतो. मी जाऊन बोलू का?

मार लागला असेल तर जरूर जा. लबाडीची तक्रार असेल तर घरातच थांबा.

काजूच्या हंगामात वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, बियांचा खेळ रंगतो तेव्हा एकदा लांबून बघा. जमिनीवर रिंगण आखलेलं असतं, आत प्रत्येकाच्या बिया मांडलेल्या. दुरून एक वजनदार बी नेम धरून मारायची आणि जेवढ्या बिया रेषेबाहेर जातील तेवढ्या आपल्या खिशात. आता एक बी रेषेवरच अडकते. अर्धी आत, अर्धी बाहेर. मारणारा म्हणतो गेली, मांडणारा म्हणतो नाही. दोघं गुडघ्यांवर बसतात, गाल मातीला टेकवून एक डोळा मिटून बघतात. तिसऱ्याला बोलावतात. तो हरत असतो, त्यामुळे त्याच्यावर कोणाचा विश्वास नसतो. शेवटी ठरतं की रेषेवरची बी परत मांडायची आणि पुढच्या वेळेपासून हाच नियम. एवढ्याला खेळाइतकाच वेळ लागतो, पण कायदा तयार झालेला असतो आणि तो कोणी मोठ्याने केलेला नसतो.

स्वित्झर्लंडमध्ये ज्याँ पियाजेने मुलांच्या गोट्यांचा खेळ असाच बारकाईने पाहिला आणि १९३२ मध्ये त्यावर लिहिलं. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांकडून आलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहाच्या पुढे त्यांना उमजतं की नियम आपणच ठरवतो आणि सगळ्यांचं एकमत झालं तर बदलूही शकतो. ही उमज रेषेवरच्या बीवर भांडूनच येते. तुम्ही बाहेर येऊन "द्या रे त्याला दोन बिया" म्हणालात की खेळ तिथेच संपतो. शिवाय पोराच्या कपाळी रडीचा डाव लागतो तो वेगळाच.

लबाडी नेहमीचीच असेल तर मुलं स्वतःच इलाज करतात. फटिंगाला दोन दिवस खेळात घेत नाहीत. तिसऱ्या दिवशी तो सरळ खेळतो.

मुलींमध्ये हे प्रकार कमी असतात ना?

कमी नसतात, आवाज कमी असतो. मुलगा ढकलून मोकळा होतो. मुली फुगडीला जोडी धरताना एकीला बरोबर एकटी पाडतात. दगड लागला तर आई धावते, एकटं पाडणं कोणाला दिसतही नाही. म्हणून मुलगी "मला खेळायचंच नाही" म्हणू लागली तर तिकडे कानाडोळा करू नका.

आमच्या मानकुरादाची फांदी शेजाऱ्यांच्या बाजूला गेली आहे. पडलेले आंबे त्यांची मुलं उचलतात, आमची मुलं हमरीतुमरीवर येतात. काय करू?

गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अलीकडे कोणाचं आणि पलीकडे कोणाचं हे मुलांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. बहुतेक वाड्यांवर पूर्वापार रीत आहे: झाडावरचा आंबा झाडवाल्याचा, खाली पडलेला उचलणाऱ्याचा. या रीतीमुळे मुलं पहाटे उठतात, हा फायदा कोणी मोजत नाही. वाऱ्याची रात्र झाली की दोन्ही घरांतली पोरं उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन बाहेर. जो आधी पोचला त्याचा आंबा.

अलीकडे हंगामाच्या सुरुवातीला मानकुराद डझनाला हजारांच्या भावात जातो, तेव्हापासून मोठ्यांना पडलेला आंबाही मोजावासा वाटतो. फांदी छाटून टाकणारेही पाहिले. फांदी तुमची आहे, छाटायची तर छाटा. पण मग "मुलं भांडतात म्हणून छाटली" असं सांगू नका.

वरच्या वाड्यातल्या मुलांनी आमच्या मुलांचा नरकासूर (राक्षसाचा पुतळा) चतुर्दशीच्या आधीच रात्री पेटवून दिला. पोलिसांत जावं का?

आधी त्या मुलांच्या घरी जा, आणि आवाज न चढवता जा. इथे मात्र मी "मुलांचं मुलांनी बघावं" म्हणणार नाही. आत सुकं गवत, बाजूला फटाक्यांची पिशवी आणि दहा पावलांवर कोणाच्या तरी घराचं छप्पर. आग ही चुरस नव्हे. कोणी पेटवला ते नक्की कळलं असेल तर त्या मुलांनी आपल्या आईबाबांसमोर कबूल करायचं आणि नवा सांगाडा बांधायला हात लावायचा. एवढी शिक्षा पुरे होते.

बाकी नरकासुराची चुरस मला मनापासून आवडते. गोव्याबाहेरून आलेल्यांना आधी समजत नाही की दिवाळीच्या तोंडावर इथली मुलं राक्षस का बांधत बसतात. दसरा होताच बांबू, सुतळी, जुने कपडे आणि रद्दी गोळा होऊ लागते. घरोघर वर्गणी मागितली जाते. आपला नरकासूर खालच्या वाड्यापेक्षा हातभर तरी उंच हवा, ही एकच जिद्द. मग उंची वाढते आणि मान डुगडुगायला लागते. मुखवटा जड, मानेचा बांबू बारीक. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वाड्यावर आदल्या संध्याकाळी मुंडकं मागे कलंडतं आणि तोवर कोणी विचारत नसलेलं एखादं गप्प पोर पुढे येऊन काथ्याची दोरी तिरकी ओढून मान घट्ट बांधतं. वर्गात ज्याला पाढे येत नव्हते, असा मुलगा या एका रात्रीत वाड्याचा इंजिनिअर झालेला बघितला आहे.

पूर्वी मुखवटाही घरीच व्हायचा, मातीच्या साच्यावर कागदाचे थर चिकटवून. आता पणजी, म्हापसा, मडगावच्या बाजारात तयार मुखवटे टांगलेले असतात आणि मोठ्या स्पर्धांत रोख बक्षिसं लागतात. बक्षिसाची रक्कम आली की काका-मामा उतरतात, डीजे येतो, डोळ्यांत दिवे बसतात, हात यंत्रावर हलतात. मुलं वर्गणीच्या पावत्या फाडण्यापुरती उरतात. तुमच्या वाड्यावर असं झालं असेल तर मुलांना एक लहान नरकासूर वेगळा बांधू द्या. त्याला कोणी मोठ्याने हात लावायचा नाही. पहाटे तो जळला की घरी येऊन अंगणात कारीट फोडायचं आणि पाच तऱ्हेचे पोहे खायचे. भांडायला अंगात जोर उरत नाही.

दोन्ही वाड्यांच्या मुलांना एकत्र जेवायला बोलावलं तर वैर मिटेल का?

नुसत्या जेवणाने मिटत नाही, हे पडताळून पाहिलेलं आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह या ठिकाणी मुझफ्फर शेरीफ आणि सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, त्यांच्यात सामने लावले, जिंकणाऱ्यांना बक्षिसं ठेवली. बघता बघता एकमेकांचे झेंडे जाळणं आणि खोल्यांवर धाडी टाकणं सुरू झालं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं गेलं. दिलजमाई झाली ती दोघांना मिळूनच सुटेल अशी अडचण आली तेव्हा. शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक सुरू होईना. रस्सीखेचीचा दोर ट्रकला बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला.

ही गोष्ट बरेच जण सांगतात. तिच्या आधीची कमी सांगितली जाते, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, याच मंडळींनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर केलं होतं. तिथे मुलांची आधी आपसात ओळख होऊ दिली आणि नंतर गट पाडले. मग ती काही केल्या भांडेनात. कळ मोठी माणसंच लावत आहेत असा संशय मुलांना आला आणि तो प्रयोग अर्ध्यावर सोडावा लागला.

जेवण घालाच. पण आधी त्यांना पावसाआधी वाड्यावरचं गटार मोकळं करायला लावा, किंवा कापणीनंतर शेतात फुटबॉलसाठी एकच मैदान आखायला सांगा. गोलपोस्टचे बांबू एका वाड्याचे, जाळं दुसऱ्या वाड्याचं.

शेजारच्या मुलीला ९१ टक्के आणि आमच्याला ६८. तुलना केली नाही तर तो सुधारणार कसा?

सर्वात जास्त विचारलेला प्रश्न हा, आणि इथे माझा सूर थोडा कडक लागेल.

तुलना तो करतोच आहे. तिचे टक्के त्याला तुमच्याआधी कळलेले असतात. तुम्ही जेवताना "बघ ती कशी करते" म्हणता तेव्हा त्याच्या माहितीत काही भर पडत नाही, फक्त तुम्ही कोणाच्या बाजूला आहात ते त्याला कळतं. आणि त्या मुलीचं काय होतं तेही ऐका. उद्यापासून तो तिच्याशी बोलत नाही, गणित अडलं तर तिला विचारत नाही. ज्या घरी चालत जाऊन दहा मिनिटांत शंका सुटली असती, तिथे जायची वाट तुम्हीच बंद करता आणि मग ट्यूशनला पैसे भरता.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेलं एक काम आहे. कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. हुशार म्हटलेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी निवडण्याकडे कल दाखवला, अवघड कोड्यांवर ती लवकर खचली आणि आपले गुण वाढवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. म्हणजे पलीकडच्या घरी जी सारखी "आमची हुशार" चालली आहे, तीही त्या मुलीच्या फार भल्याची नाही. तिला पुढच्या वर्षी ८८ मिळाले तर काय करायचं?

आणि कृपा करून निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेल्यावर दारातच "तुमच्याला किती?" विचारू नका. सांगायचं असेल ते सांगतील.

शेजारचा इंग्रजी माध्यमात आहे, आमची सरकारी मराठी शाळेत. तो तिला "गावठी शाळा" म्हणून चिडवतो.

हे वाक्य सात वर्षांच्या मुलाने स्वतः रचलेलं नसतं. माध्यमाचा वाद गोव्यात मोठ्यांनीच तापवला. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचा निर्णय झाला तेव्हा तर घराघरांत दोन तट पडले होते. मुलं त्याचे उरलेसुरले शब्द उचलतात.

मुलीला उलट चिडवायला शिकवू नका. तिला त्याच्यासमोर काहीतरी करू द्या, ज्यात ती पुढे आहे. खेळताना दोघं कोकणीतच भांडतात, तिथे कोणाचं माध्यम आडवं येत नाही. आणि तुमच्या घरात "त्यांची ती पॉश शाळा" असं बोललं जात असेल तर तेही गडग्यावरून पलीकडे जातं, हे ध्यानात असू द्या.

मुलांच्या भांडणावरून आम्हा मोठ्यांचंच बोलणं बंद झालं आहे. कोणी माघार घ्यायची?

ज्याला आधी कंटाळा येईल त्याने. ताटभर नेवऱ्या आणि मुलाच्या हातून निरोप, एवढं पुरतं. मधला विषय काढायचा नाही.

शेजारभांडण किती पुरवून वापरता येतं ते दिवाडी बेटावर बघावं. तिथला बोंदेरां हा उत्सव ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी असतो. सांगतात ते असं की गावातल्या वाड्यांच्या हद्दींवरून तंटे होत, म्हणून पोर्तुगीज काळात हद्दीवर झेंडे रोवले गेले आणि पलीकडच्या लोकांनी ते दगड मारून पाडायला सुरुवात केली. आज त्या तंट्याचा उत्सव झाला आहे. दगडांच्या जागी रानफळं आली, ती मारायला बांबूच्या नळीची फोटाश नावाची खेळण्यातली बंदूक, आणि पाठोपाठ चित्ररथ. माशेलच्या चिखलकाल्यात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बापे माणसंही देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलात लोळून पोरांचे खेळ खेळतात. ज्याच्याशी अबोला आहे त्यालाही तिथे चिखल लावता येतो. माशेल फार लांब नाही.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. वाडा नाही, गडगा नाही. मुलं फोनवरच्या गेममध्ये एकमेकांना हरवत बसतात.

हरवू द्या, पण एकाच खोलीत बसून. समोरासमोर हरलेला निदान उशी फेकून मारू शकतो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलांची तक्रार टाकायची नाही, कारण तिथे ती सायकलने ओढलेल्या चऱ्यावरून सुरू होऊन पार्किंगवर जाते.

चुरस कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

डॅन ओल्वेउस या संशोधकाने स्वीडन आणि नॉर्वेमध्ये १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. त्याच्या खुणा तीन: मुद्दाम केलेलं असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोघांच्या बळात फरक असतो. दोन सारख्या ताकदीची पोरं रोज भांडत असतील तर तो छळ नव्हे. सहावीतला मुलगा तिसरीतल्याला रोज बस थांब्यावर अडवून डबा काढून घेतो, तो छळ.

घरात बघायच्या गोष्टी साध्या आहेत. मूल एकाच वाटेने जायचं टाळतं, सुट्टीच्या आदल्या दिवशी खुलतं आणि रविवारी संध्याकाळी पोट दुखतं म्हणतं, वस्तू हरवल्याची कारणं बदलत राहतात. अशा वेळी "तूही दे एक ठेवून" हा सल्ला कामाचा नाही. वर्गशिक्षकांना भेटा, समोरच्या पालकांना भेटा, तारखा लिहून ठेवा. प्रकरण हाताबाहेर असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे. गोव्यात मुलांच्या संरक्षणासाठी २००३ चा स्वतंत्र बाल कायदाही आहे. आणि आपलंच मूल छळ करणारं निघालं तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. "आमचा तसा नाही" हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या पालकांकडून, एकाच बाकावर बसून ऐकलं आहे.

बाई, माटोळीसाठी कवंडळं कुठे मिळतात ती जागा फक्त मला ठाऊक होती. शेजारच्याने माझ्या मागून येऊन ती बघितली आणि सगळी काढून नेली. आता मी काय करू?

हा प्रश्न तिसरीतल्या एका मुलाचा आहे, म्हणून उत्तर त्यालाच. (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट; कवंडळ हे त्यातलं रानवेलीचं फळ.)

रानातल्या वेलीवर तुझं नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे चोरी झाली असं म्हणता येणार नाही. पण मागून येणं हा फटिंगपणा आहे, ते त्याला तोंडावर सांग. कवंडळं गेली तरी माटोळीला कांगलां लागतात, घागऱ्या लागतात, सुपारीचा घड लागतो. त्याला माडावर आणि सुपारीवर चढता येतं, तुला येत नाही, हे मला माहीत आहे. कांगलां कुठे येतात ते तुला ठाऊक आहे, त्याला नाही. तेव्हा त्याच्याशी सौदा कर. जागा तू दाखवायची, चढायचं त्याने, आणि जे मिळेल ते दोन्ही घरांच्या माटोळीला निम्मं निम्मं. वेल मुळापासून ओढू नका, पुढच्या वर्षी दोघांनाही लागेल. निघताना कोणाला तरी सांगून जा, पावसात वाट निसरडी असते. आणि एखादं कवंडळ सापडलंच आणि हातात फुटलं तर हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नकोस, कडूजहर असतं ते.